रुख्मिणीबाईचा उजवा हात

रुख्मिणीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते २००२ च्या जानेवारीत. हिंगोलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खाजगी दवाखाना होता, तिथं मी सिस्टर होते. ती बाहेरच्या बाकावर बसली होती. पन्नाशीची, काटक, अंगावर बंजारा बायकांची आरसे लावलेली काचळी, म्हणजे चोळी, आणि घेरदार फेटिया घागरा. चहाच्या ग्लासाकडे ती डोळे वटारून बघत होती. ग्लास तिच्याच उजव्या हातात होता. आतून कुणीतरी तिचं नाव पुकारलं, तिनं मान वळवली आणि ग्लास खाली पडून फुटला. काचांकडे तिनं पाहिलंही नाही. डाव्या हातानं उजव्या हाताला एक सणसणीत चापट मारली.

"बघत बसलं तर धरतो," ती मला म्हणाली. "नजर काढली की सोडून देतो. चोर हाय मेला."

ती कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची. नवरा, थावरा त्याचं नाव, वारला होता. मुलगा आणि सून शिवकन्या यांच्याजवळ राहायची. तांड्यात लग्न निघालं की नवरीच्या ओढणीचं भरतकाम तिच्याकडेच यायचं. दुसऱ्या बाईकडे गेलं तर ती आठ-आठ दिवस त्या घराच्या दारावरून जायची नाही, लांबून वळसा घालायची. स्वभाव मत्सरी होता आणि तो तिनं कधी झाकला नाही. "मला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई," असं ती सरळ सांगायची. एखादी बाई 'मला वांगं चालत नाही' म्हणते, तसं.

दिवाळीनंतर कापूस वेचताना तिला लकवा मारला. उजवी बाजू लुळी पडली. वाचा चार दिवसांत परत आली, पाय महिन्याभरात चालू लागला, हातातही हळूहळू ताकद आली. बादली उचलायची, भाकरी थापायची, पण सगळं डोळ्यांनी बघत बघत. हाताला काय लागतंय, गरम की गार, खरबरीत की मऊ, ते मात्र हाताला कळेना. तवा लागून बोटाला फोड आली, ती तिला सुनेनं दाखवली तेव्हा समजली.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते काचळीचं. काचळीच्या नाड्या पाठीवर बांधायच्या असतात. तिथं डोळे पोचत नाहीत, बोटांनाच वाट माहीत असावी लागते. आता रोज सकाळी शिवकन्या नाड्या बांधून द्यायची. सुनेची बोटं पाठीवर चटचट चालायची, गाठ मारून मोकळी व्हायची. रुख्मिणीबाईच्या पाठीला ते सगळं कळायचं. ती मला म्हणाली होती, "पोरगी चांगली हाय हो. पर तिची बोटं पाठीवर आली की मला वाटायचं, मोडून टाकावी."

त्याच महिन्यात औरंगाबादहून निलम मॅडम आमच्या दवाखान्यात आल्या. तिशीच्या आतल्या, फिजिओथेरपीत संशोधन करणाऱ्या. लकव्यानंतर ज्यांच्या हाताची जाणीव गेली आहे असे अठरा पेशंट त्यांना हवे होते. मागची मोठी खोली त्यांना दिली आणि मदतीला मला दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी रुख्मिणीबाईला डोळे मिटायला सांगितले आणि उजव्या मुठीत एक किल्ली ठेवली.

"हातात काय आहे?"

"काय ठिवलंच न्हाई तर काय सांगू?"

"डोळे उघडा."

स्वतःच्या मुठीतली किल्ली बघून तिचा चेहरा उतरला. वीस वस्तूंपैकी तिला तीन ओळखू आल्या, त्याही बहुतेक अंदाजानं.

मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. बोट नुसतं निरोप धाडतं. तो निरोप वाचला जातो मेंदूवरच्या सालीत. त्या सालीत अंगाच्या प्रत्येक भागाला आपापली जागा आहे. पाठीला चिमूटभर, बोटांना आणि ओठांना भरपूर. हे मऊ आहे, हे निसटतंय, घट्ट धरा, असं ठरवून तिथूनच पुढं हाताला हुकूम जातो. लकव्यानं त्या जागेचा एक तुकडा मेला. पण आजूबाजूची जागा जिवंत आहे. तिला पुन्हा पुन्हा काम दिलं तर ती ते शिकू शकते, असं जगभरात काही लोकांना आढळलंय. आणि काम दिलंच नाही, तर शेजारचे भाग ती जागा बळकावतात.

"म्हंजे पडीक रानात शेजारी बांध सरकिवतो तसं?" मागून एक बाई म्हणाल्या.

त्या द्वारकाबाई. औंढ्याजवळच्या गावच्या, मोठ्या शेतीवाडीच्या घरातल्या. गोऱ्या, स्थूल, बोलक्या. त्यांचाही उजवाच हात. वय तेच, लकवाही त्याच महिन्यातला. त्या मुलाच्या जीपमधून यायच्या, रुख्मिणीबाई एसटीनं. मॅडम एकदम खूश झाल्या. "अगदी बरोबर! बांध सरकवतो तसं!" आणि पुढं सगळ्यांना सांगताना मॅडम हेच उदाहरण द्यायला लागल्या.

"तेच माझ्या तोंडात आल्तं," रुख्मिणीबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "तिनं आधी बोलून घेतलं."

तिथून ते सुरू झालं.

अठरा जणांचे दोन गट करायचे होते. एका गटाला पडद्याआडची शिकवण: हात पडद्याच्या पलीकडे घालायचा, मॅडम बोटांखाली काहीतरी सरकवणार, मखमल, गोणपाट, पॉलिश पेपर, धान्यात पुरलेली बटणं. ओळखायचं, चूक की बरोबर ते लगेच कळणार, मग बघायचं आणि पुन्हा हात लावायचा. दुसऱ्या गटाला नेहमीचा व्यायाम, रबरी चेंडू दाबणं, मनगट फिरवणं. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, सहा आठवडे. कोण कुठं हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. पिवळी म्हणजे पडदा, हिरवी म्हणजे चेंडू. पडद्याचा उपयोग दिसला तर सहा आठवड्यांनी हिरव्यांनाही तीच शिकवण मिळणार होती. हे आधी वाचून दाखवलं होतं आणि सगळ्यांनी त्यावर सही किंवा अंगठा दिला होता.

पाकिटांचा डबा मीच धरला होता. द्वारकाबाईंना पिवळी आली, रुख्मिणीबाईला हिरवी.

"बदलून द्या," ती म्हणाली.

"तसं करता येत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "नशिबानं जे येईल ते. मलासुद्धा आत काय आहे ते माहीत नव्हतं."

"पाकिटं तर तुमीच बंद केल्ती."

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी सगळी पद्धत पुन्हा समजावून सांगितली. रुख्मिणीबाईनं ऐकून घेतलं आणि चेंडू घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. चेंडू दाबताना तिची नजर पडद्याकडे होती. चेंडू तीनदा घरंगळला.

पेशंटनी आपापसात शिकवणीबद्दल बोलू नये असा नियम होता. पण द्वारकाबाईंना गप्प बसणं म्हणजे शिक्षा. बाहेरच्या बाकावर त्या डबा उघडायच्या, तिळाचा लाडू रुख्मिणीबाईच्या हातावर ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. "आज मला मखमल कळली बघा. आधी बोट नुसतं ठिवायचं न्हाई, फिरवायचं. हळू. मंग कळतंय." रुख्मिणीबाई लाडू खायची आणि विचारायची, "मंग? आणिक काय म्हनल्या म्याडम?" द्वारकाबाईंना वाटायचं, बाईला आपलं किती कौतुक!

"एकेक शब्द सुईवानी टोचायचा," रुख्मिणीबाई मला पुढं म्हणाली. "पर मी एकबी खाली पडू देला न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. मॅडम जेवायला गेल्या होत्या, मी रजिस्टर लिहीत होते. रुख्मिणीबाई पडद्याच्या खोलीतून बाहेर आली. म्हणाली, पाणी प्यायला गेले होते. पिशवी सावरत ती फाटकाकडे निघाली. तिच्या उजव्या मुठीतून निळ्या मखमलीचा तुकडा चांगला बोटभर बाहेर लोंबत होता. तिनं तो लपवला होता, असं तिला वाटत होतं. मूठ मिटली आहे एवढं तिनं डोळ्यांनी पाहिलं असणार, पण मुठीत काय आहे आणि बाहेर काय राहिलंय ते त्या हाताला कुठं कळत होतं! चोरी करणाऱ्या हातालाच चोरीचा पत्ता नव्हता.

मी हाक मारली. ती वळली, माझ्या नजरेमागं तिची नजर गेली आणि तिनं तो तुकडा बघितला. मी म्हणाले, "मावशी, एसटी चुकेल." मी असं का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिचा चेहरा बघून मला तिला अडवावंसं वाटलं नाही, इतकंच.

घरी तिनं स्वतःची शाळा काढली. जुनी ओढणी खाटेला आडवी बांधली, तिच्या पलीकडे हात घातला आणि शिवकन्येला समोर बसवलं. ज्वारी, तूर, हळकुंडाचे तुकडे, कवड्या, भरतकामाचे आरसे, पोत्याची चिंधी आणि ती मखमल. आमच्याकडे आठवड्याला तीन तास, तिच्याकडे रोज चार. सकाळी दोन, दुपारी दोन. शिवकन्येचे हात भरून यायचे, चुलीवरचं करपायचं.

पहिले दहा दिवस काहीच नाही. मग शिवकन्येला दया आली. ती सासूला याडी म्हणायची, म्हणजे आई. सासूनं ज्वारीला कवडी म्हटलं तरी ती म्हणाली, "बराबर हाय, याडी." पुढच्या वस्तूला तूर म्हटलं तरी, "बराबर." रुख्मिणीबाईला आनंद झाला, तिनं सहज ओढणी वर केली आणि बोटांखाली बघितलं. पोत्याची चिंधी होती.

ती इतकी ओरडली की शेजारची माणसं जमली. "तू खोटं बोलून राहिली तर बोटानं शिकावं कसं? चुकलं तर चुकलं म्हन! तिकडं ती मोठ्या घरची बाई खरं ऐकून राहिली आन् मला तू गोड बोलून मारती!"

शिवकन्या रडली, पण त्यानंतर खोटं बोलली नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं झालं. हळकुंडाचा तुकडा होता. "खरबरीत," ती म्हणाली. "वाकडं हाय. हळद." शिवकन्या "व्हय" म्हणाली. सासूनं ओढणी वर करून खात्री केली, पुन्हा खाली सोडली आणि म्हणाली, "दुसरं दे." पुढच्या आठवड्यात एका सकाळी काचळीच्या नाड्या तिनं स्वतः बांधल्या. वेडीवाकडी गाठ, अर्ध्या वाटेत सुटली. तरी तिनं सुनेला हात लावू दिला नाही. दवाखान्यात मात्र ती मुद्दाम ओढणी पाठीवरून घट्ट घेऊन आली आणि चेंडू दाबत बसली.

इकडे द्वारकाबाईंची गाडी अडकली होती. मोठ्या वस्तू कळत, बारीक कळत नव्हत्या. एकदा बाकावर त्यांचा बांध फुटला. नातवाला ताप होता. त्यांनी सवयीनं उजवा हात त्याच्या कपाळावर ठेवला आणि "काही नाही, गार आहे" म्हणून कामाला लागल्या. संध्याकाळी सुनेनं हात लावला तर पोर तव्यासारखं तापलेलं. हे सांगताना त्यांना रडू आवरेना.

रुख्मिणीबाई त्यांच्या शेजारीच होती. ती मला नंतर म्हणाली, "कमलबाई, खरं सांगते, मला बरं वाटलं. लेकराचं वाईट वाटलं, पर तिचं बरं वाटलं. मी त्या दिशी घरी जाऊन एक तास जास्त बसले."

सहा आठवडे झाले. नांदेडहून एक डॉक्टर तपासायला आले. कोण पिवळं, कोण हिरवं हे त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याच वीस वस्तू, डोळे बंद. द्वारकाबाईंना अकरा आल्या. रुख्मिणीबाईला सतरा.

ती खोलीतून बाहेर आली ती तोऱ्यात. द्वारकाबाईंनी विचारलं, "किती?" तिनं आकडा सांगितला. द्वारकाबाई म्हणाल्या, "चेंडूनं?"

"व्हय, चेंडूनंच," रुख्मिणीबाई म्हणाली.

दोन दिवसांनी मॅडम कागद पसरून बसल्या होत्या. हिरव्या गटातले बाकी आठ जण जवळपास जिथल्या तिथं होते. पण ज्या गटात फक्त नऊ माणसं, तिथं एक सतरा सगळा हिशेब फिरवून टाकतो. "पडद्याचा काही खास फायदा दिसत नाही असंच लिहावं लागेल मला," त्या म्हणाल्या. "मग हिरव्यांना तरी कशाला बोलवायचं?" द्वारकाबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. त्या मान हलवून जीपमध्ये बसल्या आणि पुढं बरेच दिवस दवाखान्याकडे फिरकल्याच नाहीत.

मला मखमल माहीत होती. बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर आधी माझीच चूक बाहेर आली असती.

आठ दिवसांनी, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी, रुख्मिणीबाई आली. तिला बोलावलेलं नव्हतं. तिनं मॅडमच्या टेबलावर मखमलीचा तुकडा टाकला. मळलेला, कडा विसविशीत झालेल्या.

"हे मी चोरलं," ती म्हणाली. "आन् घरी पडदा बांधला. रोज चार तास. इचारा माझ्या सुनंला."

मॅडमनी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?"

"द्वारकाबाई हरून राहिली व्हती. काहून सांगू?"

"मग आज का सांगता?"

रुख्मिणीबाईचा आवाज चढला. "म्या तांड्यात सांगितलं, हात आला. तर समदे काय म्हनतेत? दवाखान्यातल्या चेंडूनं बरं झालं म्हनं! शेजारणीनं पोराचा चेंडू आणून दाबायला सुरुवात केली! बोटं माझी सुजली, घसा सुनंचा बसला, आन् नाव त्या रबराच्या गोळ्याचं? तुमच्या कागदावरबी तेच लिहिणार ना तुमी?"

मॅडमना हसावं की रडावं कळेना. आधी त्या रागावल्या, भरपूर रागावल्या. सहा आठवड्यांची मेहनत, अठरा माणसांचा विश्वास, सगळं सांगितलं. तेव्हा मीही उठून सांगितलं की मखमल मी पाहिली होती. मलाही बोलणी बसली आणि ती रास्तच होती. मग मॅडमनी डोळे पुसले, कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "आता पहिल्या दिवसापासून सांगा. किती वेळ, काय काय, कुठल्या दिवशी काय कळलं."

दोन तास ती सांगत होती. सुनेच्या खोट्या "बराबर"पाशी मॅडमनी लिहिणं थांबवलं, वर बघितलं आणि 'खोटं बोललं तर बोटानं शिकावं कसं' हे वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा मला मोजणीतून काढावा लागेल."

"म्हंजे? तिचे अकरा मोजणार आन् माझे सतरा न्हाई?"

"हो."

ती हे पचवू शकली नाही. जाताना दार आपटून गेली.

तिला वगळून मांडलं तेव्हा पिवळा गट पुढं निघाला. फार नाही, पण स्पष्ट. ठरल्याप्रमाणे हिरव्यांना पडदा मिळाला. मॅडमनी द्वारकाबाईंकडे माझ्यामार्फत निरोप धाडला आणि सगळी हकीकत खरी खरी सांगायला सांगितली. बाकावरच्या गप्पांसकट.

द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी तिला लाडू खाऊ घालीत व्हते," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. पण त्याच आठवड्यात त्यांची जीप तांड्यावर जाऊन उभी राहिली. त्या खाटेवर बसल्या आणि रुख्मिणीबाईला म्हणाल्या, "तुमी माझ्याकून शिकलात. आता मला शिकवा."

रुख्मिणीबाईला नाही म्हणायचं होतं. पण सगळा तांडा बघत होता, मोठ्या घरची बाई तिच्या दारात शिकायला आली होती, आणि हे दृश्य तिला सोडवेना. तिनं ओढणी बांधली. उन्हाळाभर द्वारकाबाई आठवड्यातून एकदा यायच्या, घरी रोज करायच्या. रुख्मिणीबाई कडक मास्तरीण होती. चुकलं की "चूक!" असं जोरात, शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायची. बरोबर आलं की नुसतं "हूं." पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी द्वारकाबाईंना पुन्हा तपासलं. पंधरा आल्या. मी ते सांगायला तांड्यावर गेले तर रुख्मिणीबाईचा पहिला प्रश्न होता, "सतरा न्हाई ना?"

तिचा हात पूर्वीसारखा मात्र झाला नाही. बारीक टाका तिला पुन्हा जमला नाही. आरसा बसवताना बोट चुकायचं. जाड भरतकाम ती करू लागली, पिशव्या, तोरणं. नवरीच्या ओढण्या तांड्यातल्याच सोजराबाईकडे गेल्या. सोजराबाईच्या दारावरून ती कधीच गेली नाही.

मॅडमचा लेख २००५ साली कुठल्याशा नियतकालिकात आला. त्यांनी मला एक प्रत पाठवली, सोबत मराठीत अर्थ लिहून. मी तो घेऊन तांड्यावर गेले. लेखात एक वेगळा परिच्छेद होता: एका रुग्णानं घरी स्वतःहून रोज चार तास सराव केला, तिला मोजणीतून वगळलं आहे, पण तिची प्रगती सगळ्यांत जास्त होती, खोटं कौतुक केल्यावर शिकणं थांबतं असं त्या रुग्णानं स्वतः निदर्शनास आणलं, यावर पुढं अभ्यास व्हायला हवा.

रुख्मिणीबाईनं तो परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"यात द्वारकाबाईचं नाव हाय का?"

"नाही. कुणाचंच नाव नाही. त्या बाकीच्यांच्या मोजणीत आहेत."

"आन् मी येगळी."

"तुम्ही वेगळ्या."

मग ती म्हणाली, "तिला वाचून दाखवलं का?"

"अजून नाही."

"दाखवा. पर मी असताना."

पुढच्या सोमवारी द्वारकाबाईंकडे जायला आम्ही दोघी औंढ्याच्या एसटीत बसलो.